डब्याचा सज्जा

लाँचवाली पहिल्यांदा डब्यात झोपली तेव्हा ती लाँचवाली नव्हती आणि डबाही डबा नव्हता. बेटाच्या पुढच्या धक्क्यावर तेव्हा मासळी डब्यांत भरायचा कारखाना होता. मासे साफ करणाऱ्या पोरींना राहायला कारखान्याने शेजारीच एक लांबुळकी दुमजली इमारत बांधली होती. खाली चुली आणि नळ, वर एकच मोठी खोली, तिच्यात लोखंडी खाटांच्या दोन रांगा. समुद्राच्या अंगाला लाकडी सज्जा, ओले एप्रन वाळत घालायला. तिथल्या एका खाटेवर ती झोपायची आणि त्याच खाटेखाली तिचा धाकटा भाऊ.

आई गेलेली, बाप बोटीवर गेला तो गेलाच. भावाला ठेवणार कुणाकडे? मुकादमीण तपासणीला आली की पोरी चादर खालपर्यंत ओढायच्या, आणि मुकादमीणही अशी भली की चादर हलताना दिसली तर छताकडे बघायची. पोरगा त्या सगळ्याजणींच्या हातचे घास खात वाढला. दिवसभर मासे चिरून हिची बोटं फाटलेली असायची, त्यात मिठाचं पाणी, पण धाकट्याला तिने तळहाताच्या फोडासारखं जपलं. पुढे शिकायला शहरात पाठवलं तेही तिनेच. तिला कुणी लग्नाचं विचारलं की म्हणायची, "आधी त्याचं मार्गी लागू दे." त्याचं मार्गी लागायला बराच वेळ लागला.

कारखान्यात खोकी ठोकणारा एक सुतार होता. बोलायला इतका कंजूष की नवीन माणसं त्याला मुका समजायची. तोट्यात जाऊन कारखाना बंद पडला, पोरी आपापल्या गावी पांगल्या, निम्मं बेट रिकामं झालं. सुतार राहिला.

"तू का नाही गेलास?" हिने विचारलं.

"तू नाही गेलीस," तो म्हणाला.

त्यांचं प्रेमप्रकरण एवढंच. लग्न झालं. पोरींची ती दुमजली इमारत बेटाच्या समितीकडे आली होती, समितीने दोघांना सांगितलं, राहा आणि राखा, पडू देऊ नका.

मग एका हंगामात जोराचा वारा सुटला आणि परतीची लाँच सुटेना. पक्षी बघायला आलेली कॉलेजची पोरंपोरी धक्क्यावर कुडकुडत बसली होती. हिने त्यांना वर नेलं, खाटा झटकून दिल्या, मोठं पातेलं चढवून बटाटे उकडले, मासे भाजले. खाटा कमी, माणसं जास्त. पोरं एकमेकांना खेटून झोपली. निघताना एकाने कोळशाने दारावर लिहिलं, 'डबा'. आत माशांसारखे भरलेलो होतो म्हणून. पुढच्या वर्षी तीच पोरं दुप्पट होऊन आली आणि येतानाच विचारत आली, "डबा कुठाय?"

सुतार कामाला लागला. कारखान्याच्या खोक्यांच्या फळ्या होत्याच. त्यांतून त्याने वर-खाली झोपायच्या खाटा केल्या, शिडीला हात लावला तर कुसळ लागणार नाही इतक्या गुळगुळीत. फळ्यांवरचे कारखान्याचे शिक्के मात्र त्याने तासले नाहीत. हिला विचारल्याशिवाय त्याने घेतलेला तो बहुतेक एकमेव निर्णय. हॉटेल ज्यांना परवडत नाही ते सगळे डब्यात यायचे. शाळामास्तर, नर्सा, पाठीवर पिशवी टाकून फिरणारे, नवी जोडपी. जोडपी आपल्या खाटेभोवती चादर टांगायची आणि उरलेली खोली काही ऐकू येत नसल्याचं सोंग करायची. सकाळी ही सगळ्यांसाठी एकच भली मोठी किटली ठेवायची, आणि ज्याने त्याने आपला पेला विसळायचा.

शहरात हॉटेलात नोकरी करून धाकटा परत आला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि बायको घेऊन. डब्यात सगळीकडे फिरला, खाटा हलवून बघितल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ताई, तुम्ही दोघं खजिन्यावर बसलाय आणि बटाटे उकडताय!"

तिला भावाचं कौतुक. पुढचं टेबल त्याला दिलं, बुकिंग त्याच्याकडे, समितीत बोलणं त्याच्याकडे. लोक त्याला मॅनेजर म्हणायला लागले. ती मागे चादरी धुवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्या भावाने रूपच पालटलं." भावजय गरीब स्वभावाची, नवऱ्याने उठ म्हटलं की उठायची. सुतार काही बोलला नाही. पण तो कशावरच काही बोलायचा नाही, म्हणून तेव्हा कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

खाऱ्या वाऱ्याने सज्ज्याचे खांब आतून खाल्ले होते. सुताराने एकदा सहज पटाशी टेकवून दाबली, तर ती लोण्यात शिरावी तशी मुठीपर्यंत आत गेली. त्याने सज्ज्याच्या दाराला आडव्या फळ्या ठोकल्या आणि खाली येऊन मेहुण्यासमोर उभा राहिला. भावजय तिथेच कांदे चिरत होती.

"तिकडे कुणी जायचं नाही," सुतार म्हणाला. "खांब सडलेत. लाकूड आणतो, मग बघू."

वर्षभरातलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं. धाकट्याने मान डोलावली. सुतार लाकूड आणायला समुद्रापलीकडे गेला.

नेमकी तेव्हा एका शाळेची सहल आली, मोठ्या मुलींची. खोली भरली, जिना भरला, तरी मुली उरल्या. परत पाठवायचं धाकट्याच्या जिवावर आलं. "एका रात्रीने काय होतंय," म्हणत त्याने हातोडीने फळ्या उपटल्या आणि भावजयीला सज्ज्यात गाद्या घालायला सांगितलं. मोठी बहीण मागच्या अंगणात चादरी पिळत होती, तिला पत्ताच नाही.

सकाळी लाँचचा भोंगा वाजला. लाँच बघायला सगळ्या मुली कठड्याशी धावल्या. मागच्या अंगणात तिला आधी वाटलं, कुणी भांड्यांची मांडणी पाडली. ती धावत पुढे आली तर सज्जा खाली कोसळलेला. पहिली फळी तिनेच उचलली. खाली जी मुलगी होती तिच्या केसांत अजून कंगवा अडकलेला होता.

चौकशी झाली. मोठा साहेब आला, समिती बसली, मेलेल्या मुलीचे आईबाप बसले. धाकट्याला विचारलं. तो पांढऱ्या शर्टात उभा राहिला, डोळे पाण्याने भरलेले, आणि म्हणाला, "दाजींनीच सांगितलं होतं, खांब बदललेत, बिनधास्त गाद्या घाल. मी काय सुतार आहे का, साहेब? मी विश्वास ठेवला."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग ती ताडकन उठली. ती ओरडली, "खोटं! खोटं बोलतोय!" साहेब म्हणाला, "बाई, तुम्ही तिथे होता का, ते बोलले तेव्हा?" नव्हती. होती भावजय. भावजयीने पदराला पीळ घालत सांगितलं, "मला काही माहीत नाही."

सुताराला विचारलं. तो त्या मुलीच्या बापाकडे बघत होता. "सज्जा माझ्या ताब्यात होता," एवढंच म्हणाला. त्याच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. साहेबाने मात्र तो कबुलीजबाब धरला आणि सुतार तुरुंगात गेला.

तो तिकडे असताना एके दिवशी धाकटा तिच्यापुढे येऊन बसला. आवाज अगदी मऊ. "ताई, राग मानू नकोस. पण पाहुणे तुला बघून बिचकतात गं. तू थोडे दिवस मागच्या वस्तीत राहतेस का?" तिची ट्रंक त्याने आधीच जिन्याखाली आणून ठेवली होती.

ती भांडली नाही. तिने ट्रंक उचलली आणि टेकडी ओलांडून बेटाच्या मागच्या बाजूला गेली. कोळ्यांची चार घरं, एक छोटा धक्का, आणि ज्याची लाँच बेटावर ये-जा करायची तो म्हातारा सारंग. वाटेत ती एकदाच थांबली, वळून डब्याकडे बघितलं आणि मनात डूख धरला. आयुष्यात पुष्कळ गोष्टी तिच्या हातून निसटल्या, हा मात्र तिने घट्ट धरून ठेवला.

सुतार सुटून आला तेव्हा त्याचे हात थरथरायचे. मागच्या वस्तीत त्याने एक स्टूल करायला घेतलं, आणि तिसरा पाय बसवताना रडायला लागला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि दात-ओठ खात होती. थोड्या वर्षांत तो गेला. जाईपर्यंत मेहुण्याबद्दल त्याने एक वाईट शब्द काढला नाही. या एका गोष्टीसाठी ती नवऱ्यावर आजही चिडते.

सारंगाची नजर अधू होत चालली होती. त्याला दोर फेकायला, लाँचच्या कडेचे टायर सांभाळायला माणूस हवं होतं. ती कामाला गेली. सुरुवातीला धक्क्यावरची माणसं हसायची. ती दोर फेकायला शिकली, मग इंजिन उघडायला, डिझेलची गाळणी साफ करायला, पंख्यात जाळं अडकलं की दातांत सुरी धरून पाण्यात उतरायला. सारंगाने तिला खडक शिकवले. खाडीच्या मधोमध पाण्याखाली खडकांची रांग आहे, ओहोटीला सुकाणू जरा चुकलं की लाँचचं पोट फाटलंच. शेवटी शेवटी सारंग नुसता बाकावर बसायचा आणि लाँच ती चालवायची. त्याला मूलबाळ नव्हतं. मरताना त्याने समितीच्या लोकांसमोर लाँच तिला दिली. तेव्हापासून ती लाँचवाली.

आता बघा, बेटावर यायला ती एकच लाँच. आणि लाँच लागायची पुढच्या धक्क्याला, डब्याच्या दारात.

पुढच्या हंगामाच्या पहिल्याच फेरीला तिने लाँच टेकडीला वळसा घालून मागच्या धक्क्याला नेली. लोक म्हणाले, हे काय? "पुढे गाळ साचलाय," ती म्हणाली. "लाँच लागत नाही." गाळबिळ काही नव्हता. समितीतल्या कुणाला पाण्यात उतरून बघायची हौसही नव्हती. पाहुणे पाठीवर ओझी घेऊन मागच्या धक्क्यावर उतरायचे, समोर उभी टेकडी. आणि धक्क्यावरच कोळणी उभ्या असायच्या, खोली झाडून, गादी घालून, मासे तळून. त्यांना हे लाँचवालीनेच शिकवलं होतं. कुणी विचारलं, "डबा कुठे आला?" तर ती सुकाणू धरून म्हणायची, "डबा? असेल तिकडे कुठेतरी."

डबा रिकामा पडत गेला. तिला सगळ्या बातम्या लागायच्या. मॅनेजरने नोकर काढले. मॅनेजर स्वतः चादरी धुतो. मॅनेजरच्या शर्टाला इस्त्री नसते. प्रत्येक बातमीने तिला बरं वाटायचं, उन्हातून आल्यावर थंड पाणी प्यावं तसं. त्याने पलीकडच्या किनाऱ्यावरून दुसरी मोटारबोट ठरवली. त्या नावाड्याला खडक ठाऊक नव्हते. पहिल्याच दिवशी पाहुण्यांसकट बोट खडकावर चढून बसली. लाँचवाली ते लांबून बघत होती. तिने आधी चहा संपवला, पेला विसळला, मग जाऊन दोर टाकला आणि सगळी वरात ओढत मागच्या धक्क्यावर आणली.

मग धाकटा टेकडी उतरून आला. केस पांढरे, गुडघ्यावर हात.

"ताई, पुढे लाव ना लाँच."

"गाळ आहे."

"काही गाळ नाही. मी उतरून बघितलं."

"मग समितीपुढे जा. आणि गेलासच तर त्यांना अजून एक गोष्ट सांगून ये. सज्ज्याच्या फळ्या कुणी उपटल्या ते."

"जुनं उकरून काय मिळणार आहे आता? दाजी काय परत येणार आहेत?"

"फळ्या कुणी उपटल्या?"

तो वळला आणि आल्या वाटेने चढून गेला. असा तो पुन्हा एकदा आला, मग यायचा थांबला. लाँचवालीला घाई नव्हती.

एका सकाळी टेकडीवरून हातगाडी उतरताना दिसली. गाडीवर भावजय, गुडघे पोटाशी घेतलेली, तोंड राखेसारखं. धाकटा गाडी धरून घसरत होता. "पोटात भयंकर दुखतंय, दवाखान्यात न्यायला हवं, ताई, लवकर!" लाँचवालीने स्वतः तिला उचलून बाकावर निजवलं, डोक्याखाली दोराची वेटोळी दिली. लाँचमध्ये बेटाच्या शाळेची मास्तरीण होती, पोस्टमन होता, चार-सहा पाहुणे होते. लाँच निघाली.

खाडीच्या मधोमध, खडकांची रांग मागे टाकल्यावर, लाँचवालीने इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. लाटा टायरांवर चापट्या मारत होत्या.

"काय झालं?" पोस्टमनने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि भावाकडे वळली. "बोल."

त्याला क्षणात कळलं. "ताई, हात जोडतो. आत्ता नको. बघ तरी तिच्याकडे."

"बघतेय."

"लाँचवाली, डोकं फिरलं का?" पोस्टमन उठला. "बाई मरेल!"

"मग त्याला सांगा लवकर बोलायला."

पोस्टमनने एकदा इंजिनाकडे बघितलं, एकदा पाण्याकडे. लाँच चालवता येणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं. भावजय कण्हली. धाकटा तिच्याकडे वळला.

"चूक झाली," तो म्हणाला.

"कुणाची?"

"माझी."

"कसली चूक? नीट सांग. मास्तरीणबाई ऐकतायत."

"दाजींनी फळ्या ठोकल्या होत्या," धाकटा बोलायला लागला, आधी पुटपुटत, मग जवळजवळ ओरडत. "खांब सडलेत, कुणी जायचं नाही, असं मला सांगितलं होतं. मी उपटल्या. मीच गाद्या घालायला लावल्या. आणि चौकशीत खोटं बोललो. झालं? आता चालू कर, ताई! पाया पडतो!"

तिने इंजिन चालू केलं आणि पूर्ण जोर दिला. इतक्या वेगात ती लाँच त्याआधी कधी पळाली नव्हती. समोर किनारा वाढत होता आणि तिच्या छातीत काहीतरी मोठं, गरम भरून आलं होतं. आनंदच होता तो. एकदा तिची नजर भावजयीच्या निळ्या पडलेल्या ओठांवर गेली, तशी तिने ती पटकन समोर वळवली.

भावजय वाचली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. चार दिवसांनी लाँचवाली तिला बघायला गेली. खाटेशी स्टुलावर बसली.

"ताई," भावजय म्हणाली, "मी कांदे चिरत होते. मी सगळं ऐकलं होतं."

"ठाऊक आहे."

"इतकी वर्षं तुम्ही त्यालाच विचारत राहिलात. मला एकदा तरी विचारायचं. त्याला सोडून, एकटीला गाठून. मी वाट बघत होते हो. मी सांगितलं असतं." मग तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "आता दोघं भाऊबहीण काय ते बघून घ्या."

तिथून ती माहेरी गेली ती बेटावर परतलीच नाही. तिचं बोलणं लाँचवालीला पुष्कळ दिवस सलत राहिलं. पण म्हणून केल्याचा पश्चात्ताप झाला असं नाही. चौकशीत पदर पिळत बसली होती ना, असं ती स्वतःला सांगायची, आणि ते पुरायचं.

समिती बसली. मास्तरीणबाईंनी ऐकलेलं सगळं सांगितलं, आणि त्याच दमात म्हणाल्या, "आजारी बाईला मधोमध अडवून धरणं हा गुन्हा आहे. मी पुन्हा या बाईच्या लाँचमध्ये पाय ठेवणार नाही." पाय ठेवावाच लागला, दुसरी लाँच कुठे होती? पण त्या अजूनही तिच्याकडे पाठ करूनच बसतात. बळजबरीने वदवलेलं कसं धरायचं, म्हणून समितीने धाकट्याला कोरड्या जमिनीवर पुन्हा विचारलं. बायको सोडून गेलेली, डबा ओस पडलेला. तो म्हणाला, "खरं आहे सगळं." समितीने डबा त्याच्याकडून काढून घेतला. हो-नाही करत, दोन-तीन जणांचा विरोध असताना, तो लाँचवालीला दिला. पुढच्या धक्क्यावरचा गाळ त्याच आठवड्यात नाहीसा झाला.

ती डब्यात शिरली तेव्हा धाकटा जिन्याखाली पिशवी घेऊन बसला होता. जायला जागा नव्हती.

"राहा," ती म्हणाली. "खायला मिळेल. खालची ती खाट, संडासाशेजारची. काम चादरींचं. पण एक करायचं. पाहुणे आले की जेवणाआधी त्यांना वर न्यायचं, सज्ज्याच्या बंद दारापुढे उभं करायचं, आणि डब्याची सगळी गोष्ट सांगायची. कारखान्यापासून. तू काय केलंस तेही. स्वतःच्या तोंडाने."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

पहिल्यांदा त्याला धड बोलता येईना. शब्द अडायचे, मान खाली, कान लाल. पाहुणे गोंधळून एकमेकांकडे बघायचे. लाँचवाली जिन्याच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभी असायची आणि एकेक शब्द चवीने ऐकायची. कुठे काही गाळलं की म्हणायची, "कंगव्याचं राहिलं." तो कंगव्याचं सांगायचा. त्या हंगामात तिला भूक चांगली लागली, झोप चांगली लागली. आयुष्यातला सगळ्यात सुखाचा हंगाम, असं ती अजून म्हणते.

पण माणसाला कशाचीही सवय होते. दुसऱ्या हंगामात तो अडखळायचा थांबला. तिसऱ्यात त्याला कळलं की कंगव्याचं सांगितल्यावर जरा थांबायचं असतं. आवाज कुठे खाली आणायचा, डोळे कधी पुसायचे, सगळं त्याला आपोआप जमत गेलं. पाहुणे हुंदके द्यायला लागले. एकदा एका धिप्पाड माणसाने त्याला मिठी मारली. "एवढं कबूल करायला केवढं काळीज लागतं," असं बायका एकमेकींना म्हणायच्या. कुणी त्याला नवा शर्ट आणून दिला, पांढराच. एके दिवशी तर लाँचमध्ये दोघी बायकांनी लाँचवालीलाच विचारलं, "डब्यात ते गोष्ट सांगणारे काका असतात ना? मुद्दाम त्यांच्यासाठी चाललोय."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सुकाणू हातात होतं म्हणून बरं.

त्यानंतर ती कान देऊन ऐकायला लागली. गोष्टीत सुतार दिवसेंदिवस बारीक होत चालला होता आणि धाकटा मोठा. ती मुलगी आता दोन वाक्यांत मरायची, आणि ह्याचं दुःख मात्र जेवण गार होईपर्यंत चालायचं. तरी ती गप्प राहिली. सांगायचं असं आपणच बजावलंय, आता कुठल्या तोंडाने नको म्हणायचं?

आणि मग एका संध्याकाळी, खोली गच्च भरलेली असताना, धाकटा डोळे मिटून म्हणाला, "दाजी गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होतो. माझा हात हातात घेऊन म्हणाले, जाऊ दे रे, मी तुला केव्हाच माफ केलं."

कुणीतरी नाक ओढलं. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

लाँचवाली गर्दीतून वाट काढत पुढे आली. डिझेलने काळे झालेले हात तसेच होते.

"थांबा," ती म्हणाली. टाळ्या थांबल्या. "तो गेला तेव्हा तू कुठे होतास?"

"ताई, अगं..."

"पाहुण्यांना सांग. कुठे होतास?"

"इथे," तो म्हणाला. "डब्यात."

"निरोप धाडला होता की नाही तुला? मागच्या वस्तीतून माणूस आला होता की नाही?"

"आला होता."

"मग?"

"हंगाम होता," तो म्हणाला. "नाही आलो."

"त्याने कुणाचा हात धरला नव्हता," ती पाहुण्यांकडे वळून म्हणाली. "धरायला तिथे मी होते, आणि मलाही तो ओळखत नव्हता शेवटी. माफबिफ काही केलं नाही कुणी." मग तिथेच, बंद दाराला पाठ टेकवून, तिने गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तिला सांगायची कला नव्हती. मध्येच मागे जायची, इंजिनाचं काहीतरी सांगत बसायची. पण त्या मुलीबद्दल तिने सगळं सांगितलं. ती कुठल्या गावची, तिचे आईबाप चौकशीत कसे शेजारी शेजारी बसले होते आणि बाप कसा आईची पर्स मांडीवर घेऊन होता. लाँचमध्ये इंजिन कुणी बंद केलं तेही सांगितलं. ते लपवायचं तिला कधी सुचलंच नाही. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. ज्या दोघी मुद्दाम आल्या होत्या त्यातली एक तिच्याकडे जरा भिऊनच बघत होती.

सगळे खाली उतरल्यावर धाकटा तिथेच उभा होता.

"मी जाऊ का आता बेटावरून?" त्याने विचारलं.

"कुठे जाणार?" ती म्हणाली. "चादरी भिजवल्यात."

त्या दिवसापासून गोष्ट लाँचवाली सांगते. तो शेजारी उभा असतो. बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं, आणि लोकांनी बघितलं की बघू द्यायचं. तो आता खूप म्हातारा दिसतो, तिच्याहून मोठा वाटतो. परवा गोष्ट संपल्यावर एका कॉलेजच्या मुलीने धीर करून विचारलं, "मग आजी, त्यांना माफ केलंत का तुम्ही?"

धाकट्याने मान वर केली. इतक्या वर्षांत हे कुणी त्याच्यासमोर विचारलं नव्हतं.

"नाही," लाँचवाली म्हणाली. "चला, बटाटे गार होतायत."